शनिवारचा फोन

प्रिय गुरुजी,

आज शनिवार. तुमचा बटणांचा फोन माझ्या टेबलावर आहे आणि मी तुमच्यावर भयंकर चिडले आहे. तुम्ही असता तर तोंडावर बोलले असते. नाही आहात, म्हणून लिहिते.

माणसानं एक वही ठेवायची असते हो! पालकांचे नंबर लिहून ठेवा, म्हणून आठ वर्षं तुमच्या मागे लागले. तुम्ही शर्टाचा खिसा थोपटायचात. "हायेत की बाई, समदे हितंच हायेत." आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर आठ दिवसांत तुम्ही गेलात ते खिशासकट. असं कुणी जातं का?

दसरा झाला की आपल्या शिरूरकडची निम्मी घरं ऊसतोडीला जातात आणि लेकरं आजी-आजोबांपाशी राहतात. दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी तुम्ही लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचात आणि एकेकाला फोन लावून द्यायचात. उसाच्या फडातून आईबाप बोलायचे. मी तेव्हा वर्गात तक्ते भरत बसलेली. मनात म्हणायचे, यांचं बरंय, सावलीत बसून नोकरी होते. हे तुम्हाला कधी बोलले नव्हते. आज बोलून टाकते.

तुम्ही गेलात आणि वरून आदेश आला, मुलांच्या भावनिक आरोग्याची नोंद ठेवा. रोज प्रत्येकाचा चेहरा बघायचा आणि 'आनंदी', 'उदास' नाहीतर 'चिंतित', अशा एका रकान्यात खूण करायची. पाच वर्ग, मी एकटी, खिचडीकडेही मीच बघायचं. चेहरे कधी बघू? पाचवीतली अश्विनी रोज हसून हजेरी द्यायची, म्हणून तिच्यापुढे मी महिनाभर 'आनंदी' केलं.

शिवाय बिस्किटांच्या खोक्याला फट पाडून 'मनातलं सांगा' पेटी केली. तिच्यात चॉकलेटचे कागद निघाले, माझ्याविरुद्ध एक तक्रार निघाली आणि एक बिननावाची चिठ्ठी. 'गुरुजीचा फोन कुनापाशी हाय?'

मला वाटलं, कुणाला तरी त्यावर गेम खेळायचाय. भर वर्गात सगळ्यांना झापलं, फोनचं खूळ डोक्यातून काढा म्हणाले. अश्विनी तेव्हाही हसत होती. मला कसं कळलं नाही, गुरुजी?

संक्रांतीनंतर ती शाळेत येईना. काल तिच्या घरी गेले तर दारात गाठोडं बांधलेलं. रविवारी तिचा चुलता ट्रॅक्टर घेऊन कारखान्याकडे निघणार होता आणि ही त्याच्याबरोबर फडावर. एकदा गेलेली पोरगी पुन्हा शाळेत किती वेळा आली, हे तुम्हाला मी काय सांगू? आजीला ऐकू कमी येतं, घरात फोन नाही. मी विचारलं, का जातेस गं? तर म्हणाली, "आई फोन लावीत आसंल बाई. कुनीच उचलंना."

चिठ्ठी तिचीच होती. दाखल्यावर बापाचा नंबर होता, तो मी तिथेच लावून पाहिला. बंद. म्हटलं, उद्या एक दिवस शाळेत ये, मी काहीतरी करते. आणि तडक तुमच्या घरी गेले.

काकूंनी फोन चार्ज करून देव्हाऱ्यापाशी ठेवला होता. दर शनिवारी वाजायचा म्हणाल्या. मग उचलला का नाही? खाली बघत म्हणाल्या, "उचलला तर सांगावं लागतंय, ते गेले म्हनून. त्यापरीस वाजू दिला." मी त्यांच्यावर काय चिडणार? तिथं मला तुमचीच आठवण येऊन रडू आलं.

फोन घेऊन घरी आले, त्यातली नंबरांची यादी उघडली आणि पुन्हा डोकं फिरलं. एका लेकराचं नाव धड लिहिलेलं नाही! 'भात सांडती.' 'बापाला भेती.' 'विचारू नये, आपून सांगतो.' आता हे कोण कोण, मी कसं ओळखू? सगळ्यात जास्त न उचललेले फोन एकाच नावावर होते. 'खोटं हसती.'

मी माझा तक्ता काढला. महिनाभराचं 'आनंदी' बघत किती वेळ बसले, मला माहीत नाही.

आज सकाळी लिंबाखाली खुर्ची टाकली आणि तो नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मी काही बोलायच्या आत तिकडून बाईचा आवाज आला, "गुरुजी, आमचं काय चुकलं का? लई दिस झाले, फोन कावून उचलंना?"

तुम्ही गेल्याचं मला तिला सांगावं लागलं. गुरुजी, ते काम तुम्ही माझ्यावर टाकायला नको होतं. मग मी फोन अश्विनीकडे दिला. पोरगी ढसाढसा रडली, लिंबाला टेकून, सगळ्यांसमोर. मी थांबवलं नाही. बोलणं झाल्यावर नाक पुसत तिनं विचारलं, "बाई, पुढल्या शनवारी पन हाय का फोन?"

आहे म्हणाले. मग गाठोडं सोडते म्हणाली.

आता नीट ऐका. सगळे नंबर मी वहीत उतरवणार आहे, दोन प्रतींत, तुमच्या नाकावर टिच्चून. तुमची नावंही त्यांच्यापुढे तशीच लिहिणार आहे. दर शनिवारी खुर्ची लिंबाखाली असेल आणि तक्ते राहिले तर राहिले.

उतरवायला घेतले तर यादीत माझाही नंबर सापडला. 'चिडती, पन ऱ्हाती.'

चिडणं काही सुटायचं नाही, गुरुजी. पण राहीन.

तुमच्या शाळेतली,
सुनंदा बाई