सुपाची दांडी

३ फेब्रु. १९४७, इंझोरी

सकाळी धुकं होतं. नाल्यावरचे पळस अर्धेच दिसत होते. ट्रॅक्टरवर बसलो तेव्हा वाटलं, आज साऱ्या गावाला माझ्या डाव्या डोळ्यासारखंच दिसून राह्यलं असेल. मग ऊन आलं. गावाचं धुकं गेलं, माझं राह्यलं.

बंधाऱ्याचं काम चुकलं आज. मालक नानासाहेबांचा हा ट्रॅक्टर लढाईतून आलेला, मीही तिथूनच. पुढं मोठं लोखंडी सूप आहे. कागदावर बकेट लिहिलं असेल, पण इथं सारे सूपच म्हणतात. एक लिव्हर ओढली की सूप वर, दुसरी ओढली की ते झुकतं अन् माती सांडते. सीटवरून सूप दिसत नाही, इंजिन आड येतं. दोन डोळ्यांचा ड्रायव्हर दोन्हीकडून वाकून अंदाज घेतो. मी उजवीकडूनच घेतो. सूप सपाट आहे असं समजून पुढं गेलो, ते नाकावर झुकलेलं. बसवलेल्या बांधात घुसलं, मोठा खड्डा पडला.

नानासाहेब म्हणाले, "घाई काहून करतं गा वासुदेव?"

"चुकलं," एवढंच बोललो. डोळ्याचं बोललो नाही. बोललो की सीट गेली.

५ फेब्रु.

डोळ्याचं फक्त सरूला, माझ्या बायकोला, माहीत. पल्टणीत बॅटरी फुटली, तेजाब उडालं. तेव्हा डॉक्टर डोळा वाचला म्हणाले. घरी आल्यावर हळूहळू दूध साकळावं तसा झाला.

आज भाकर घेऊन आली ती गेलीच नाही. म्हणाली, "मी समोर उभी राहू का? सूप सपाट हाये का वाकडं, हातानं सांगतो."

"उन्हात?"

"ऊन का मले नवं हाये?"

समोरच्या ढिगावर उभी राह्यली. तळहात आडवा केला की सूप सपाट. बोटं खाली केली की नाक खाली. दुपारभर बांध असा बसला की नानासाहेब छत्री बंद करून पाहत राह्यले.

११ फेब्रु.

रोजचं झालं आहे. इंजिनाच्या आवाजात बोलणं होत नाही, म्हणून दिवसभर फक्त तिचा हात. कधी माती लावलेला, कधी पदर धरलेला. मी सूप पाहतच नाही, हात पाहतो. घरी इतकं बोलणं होत नाही आमचं.

पाट्या वाहणाऱ्या बाया हसतात. एकीनं विचारलं, "काय वं सरू, ट्रॅक्टर हाकतं का नवरा?"

स. म्हणाली, "दोघायची येसन एकच हाये."

बंधारा मिरगाच्या आधी व्हायला पाहिजे. नाही तर दरसालसारखं नाल्याचं पाणी वाहून जाईल, अन् चैतात बाया पाण्यासाठी पुन्हा वाळूत झिरे खोदतील. 

१९ फेब्रु.

आज तिचा हात मधेच खाली गेला. मला वाटलं, सूप वाकडं आहे. लिव्हर ओढली, माती भलतीकडं पडली. पाहतो तर ती ढिगावर खाली बसलेली.

उतरून गेलो. म्हणाली, "काही नाही. जरा भोवळ आली."

सांजच्याला सुईण आली. तिसरा महिना आहे. मला सांगितलंच नव्हतं. आधीचे दोन राह्यले नाहीत, म्हणून सांगायची भीती वाटली म्हणे. सुईण मला म्हणाली, "इले उन्हात उभी करशीन तर मंग मले बलावू नको."

स. भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "उभं राह्याले काय होते? तुमची सीट गेली तर?"

जेवण गेलं नाही.

२० फेब्रु.

तिला येऊ दिलं नाही. दिवसभर अंदाजानं. दोनदा चुकलो. समोर ढीग रिकामा. तिथं हात दिसेल असं उगीच वाटत राह्यलं.

२३ फेब्रु.

शेजारच्या मळ्यात मोट चालू होती. ट्रॅक्टर बंद करून पाहत बसलो. मोटकरी विहिरीत वाकून पाहतच नाही. दोराला लाल चिंधी बांधली आहे. बैल मागं सरतात, दोर खाली जातो, चिंधी चाकाशी आली की मोट पाण्याला लागली. जे दिसत नाही त्याची खबर चिंधी देते.

ट्रॅक्टरवर परत बसलो. हात लिव्हरवर, डोक्यात चिंधी.

२६ फेब्रु.

सायकलचा पंप घेतला. त्यात दांडी नळीत सरकतेच. नळी सूप उचलणाऱ्या उजव्या बाजूच्या लोखंडी हाताला तारेनं बांधली, कारण उजवा डोळा चांगला. दांडीचं टोक सुपाच्या पाठीला. सूप झुकलं की दांडी सरकली. मोठी मौज वाटली.

माती सांडायला सूप पुरं झुकवलं, तशी दांडी नळीतून निघूनच आली अन् चाकाखाली गेली. लांबी पुरली नाही. पंप गेला. आता सायकलमध्ये तोंडानं हवा भरा, असं स. म्हणाली. पुष्कळ दिवसांनी हसली.

२ मार्च

मानोऱ्याच्या बाजारातून जुन्या पाइपाचा तुकडा अन् त्यात सरकेल अशी लांब सळई आणली. लोहारानं सळईच्या टोकाला सुपात अडकवायला कान करून दिला. विचारलं, "हे कायले पाह्यजे?"

"सुपाची नाडी पाह्याले."

"बयाड झालं काय गा?" म्हणाला, पण कान चांगला केला.

येताना मोहाचा वास. डावीकडं सारं धुकं अन् त्यात पळसाचा लाल रंग, झाड नाही, फांदी नाही, नुसता रंग. कधीकधी डाव्या डोळ्याचं बरं वाटतं. कोणाला सांगण्यासारखं नाही हे.

५ मार्च

दांडी बसवली. आता खूण कुठं करायची, हे अडलं. सूप नेमकं सपाट कधी असतं, हे मला दिसत असतं तर दांडी कशाला?

स. घरून पितळी परात घेऊन आली. नको म्हटलं होतं तरी आली, पण सावलीला बसली. म्हणाली, "पानी खोटं बोलत नाही." परात सुपात ठेवली, काठोकाठ भरली. मी लिव्हर केसभर केसभर हलवत राह्यलो. पाणी एका काठावरून दुसऱ्या काठावर जाई, ती सांगत राही. मग थांबलं, मी उतरून आलो. लोखंडाच्या सुपात एवढं आभाळ. दोघंही पाहतच राह्यलो.

पाइपाच्या तोंडाशी दांडीला पांढरी चिंधी बांधली. तिच्याच लुगड्याची.

६ मार्च

होळीच्या गोवऱ्या जमवून राह्यले. मी सुपातच.

खाली असताना चिंधी बरोबर सांगते. सूप वर उचललं की चिंधी जागच्या जागी, पण परात सांडली. पुन्हा केलं, पुन्हा सांडली. पांढरी म्हणते सपाट, पाणी म्हणते नाही. डोकं धरून बसलो. मग लक्षात आलं, दांडी लोखंडी हाताला बांधलेली आहे. हातच वर गेला की त्याचा कल बदलतो, अन् दांडीला वाटतं काही झालंच नाही.

दुसरी चिंधी बांधली, लाल. खाली माती ओढताना पांढरी, वर भरून नेताना लाल. परात पुन्हा ठेवली. सांडली नाही.

स.ला विचारलं, "कसं हाये?"

म्हणाली, "आता माहं काम नाही राह्यलं."

हसत म्हणाली. पण परात धुवायला किती वेळ लावला.

१५ मार्च

बांध वाढून राह्यला. दांडी वर-खाली होते, चिंध्या उडतात, मी त्यांच्याकडं पाहतो. नानासाहेबांनी लांबून पाहून विचारलं, "हे काय तोरन लावलं?" सुपाचा अंदाज कळतो, म्हणालो. खुश झाले. कोणत्याच ड्रायव्हरला सूप नीट दिसत नाही, त्यामुळं त्यांना नवल वाटलं नाही.

सुईण म्हणते, पोट बरं आहे. घरी जातो तेव्हा स. दारात असते. इंजिन नाही, तरी दोघंही गप्प. एकदा तिनं ताट देताना तळहात आडवा केला, सपाट. मी भाकर ठेवली त्यावर.

२६ मार्च

हे लिहायला हात चालत नाही.

दुपारी भरलेलं सूप घेऊन वळत होतो. लाल चिंधी पाइपाशी, सूप सपाट, सारं बरोबर. सांडायला सूप खाली आणलं अन् बाया ओरडल्या. थांबवलं. सुपाच्या डाव्या कोपऱ्याखाली छत्री. नानासाहेब हातभर अंतरावर, मातीत बसलेले. मागं सरताना पडले होते. ते समोरून, डाव्या अंगानं, मला हाका मारत आले होते. मला दिसलेच नाहीत.

इंजिन बंद केलं. उतरलो.

लागलं नव्हतं. धोतर झटकत उठले. माझ्या तोंडाजवळ आले, डाव्या बाजूला हात वर केला, बोटं हलवली. मी पाहत राह्यलो, म्हणजे पाहिलंच नाही.

"कईपासून?"

"पल्टणीतून आल्यावर हळूहळू गेला."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी उतरवलं असतं."

बाया पाट्या खाली ठेवून उभ्या. नानासाहेबांनी दांडीकडं बोट केलं, "हे त्याच्यासाठी व्हय?"

हो म्हणालो. पांढरी काय, लाल काय, सारं सांगितलं. ते स्वतः सीटवर चढले. डाव्या डोळ्यावर हात ठेवून दांडीकडं पाहिलं, मला इंजिन चालू करून लिव्हर हलवायला लावली, पुन्हा पाहिलं. उतरताना म्हणाले, "दांडी सुपाचं सांगते वासुदेव. मानसाचं नाही सांगत."

मी सुपाखालून छत्री काढली.

काम बंद ठेवायला सांगून गेले. मोडकी छत्री तिथंच.

२७ मार्च

स.ला सारं सांगितलं. रागावली नाही. बोलली, "मी असतो तं हात वर केला असता."

मी म्हणालो, "तू नव्हती म्हणून झालं असं नाही. मी बसलो म्हणून झालं."

बराच वेळ चूल फुंकत राह्यली. मग म्हणाली, "तुमी मानूस मारनारे नाही. पन सूप मारनारं हाये."

३० मार्च

निरोप नाही. एक जण म्हणतो, अकोल्याहून दुसरा ड्रायव्हर येणार. दुसरा म्हणतो, नानासाहेब डाव्या बाजूला माणूस ठेवून मलाच बसवणार. बाया पाट्यांनीच माती टाकतात. एवढ्याशा ढिगांनी मिरगापर्यंत बांध होत नाही, हे त्यांनाही कळतं. नानासाहेबांकडं दोनदा जाऊन आलो. एकदा पूजेत होते, एकदा झोपले होते. आपण विचारावं की नाही, हेच कळत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मला बसवलं असतं का?

दांडीला तेल देऊन आलो. कोणी का बसेना, तिला गंज चढू नये.

२ एप्रिल

उन्हं कलली तेव्हा दोघं बांधावर जाऊन बसलो. अर्धा बांध उंच, अर्धा बसकाच. नाल्याचं पात्र कोरडं, वाळू पिवळी. ती माझ्या उजवीकडं बसायला लागली. मी म्हणालो, "डावीकडं बस."

"तिकून तुमाले दिसत नाही मी."

"म्हनूनच. तिकडं काय हाये, सांगत राह्य."

बसली. सांगत राह्यली. हिवराखाली दोन बकऱ्या. कोणाचं तरी लुगडं वाळत. वरून बगळे चालले, पंख अजून उन्हात. मी डोळे मिटले. तिचं बोलणं अन् माझं धुकं, दोन्ही एकच झाल्यासारखं. किती वेळ गेला कोण जाणे.

मग ती थांबली.

"काय झालं?"

"गावाकडून दमनी येऊन राह्यली. नानासाहेबायची दिसते."

"संग कोन हाये? अकोल्याचा ड्रायव्हर?"

बैलांच्या घुंगरांचा आवाज मला आला. ती डोळ्यांवर हात धरून उभी राह्यली.

"धूळ लय हाये," म्हणाली. "जवळ येऊ द्या."