पोटात पेटलेला घरचाच तंटा

प्रति,
मा. अध्यक्षसाहेब,
तंटामुक्त गाव समिती, मौजे करंजखोल,
ता. राधानगरी, जि. कोल्हापूर.

अर्जदार : पिराजी केरबा चौगले, वय सत्तरीपुढे, धंदा शेती व (गावाच्या म्हणण्याप्रमाणे) थापा.

विषय : अर्जदाराच्या पोटात राखणदार पेशी व यकृत यांच्यात चालू असलेला तंटा मिटवून मिळणेबाबत.

संदर्भ : १) कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंचे समक्ष सांगणे.
२) गव्याच्या प्रकरणापासून आपले अर्जदाराशी न बोलणे.

महोदय,

१. सविनय अर्ज सादर करण्यात येतो की, अर्जदार हा आपला सख्खा थोरला भाऊ असून दोन्ही घरांत एकच भिंत आहे. तरीही हा अर्ज कोतवालाच्या हस्ते पाठवावा लागत आहे, कारण भिंतीपलीकडून मारलेली हाक आपणास ऐकू येत नाही.

२. अर्जदाराचे डोळे पावसाळ्यापासून पिवळे आहेत. अंगाला खाज इतकी, की अर्जदार गोठ्यातल्या खांबाला पाठ घासतो तेव्हा म्हैस मागे नंबर लावून उभी राहते. पिराजी चोरून पितो असे गावात बोलले गेले. अर्जदाराने दारूला कधी तोंड लावलेले नाही. कोल्हापुरात तपासण्या झाल्या. कावीळ दारूची नाही, जंतूचीही नाही असे निघाले.

३. मग कोणाची, असे विचारता डॉ. शांभवीबाईंनी सांगितले ते असे. शरीरात राखणदार पेशी असतात. बाहेरचा जंतू शिरला की त्या त्याला लोळवतात. त्यांना वेळेवर आवरणाऱ्याही पेशी असतात. "आजोबा, तालमीत वस्ताद असतो ना, तसं. वस्ताद 'बास' म्हणाला की पोरं थांबतात. तुमच्यात वस्तादाचं कुणी ऐकेना झालंय." त्यामुळे हे पैलवान घरच्याच यकृताला परका समजून कित्येक महिने धोपटत आहेत, आणि मार बसेल तिथे वण धरून यकृत निबर होत चालले आहे. वेळीच आवरले नाही तर... हे वाक्य बाईंनी पुरे केले नाही. अर्जदाराचा जन्म गोष्टी सांगण्यात गेला आहे. वाक्य अर्ध्यात का सोडतात हे त्यास कळते.

४. सदर हकीकत अर्जदाराने गुंडूच्या चहाटपरीवर सांगितली. मंडळी मांडीवर थाप मारून हसली. गुंडू म्हणाला, "आबा, आजवरची ही सगळ्यात भारी! मग फुडं काय झालं?" पुढे काय, हे अर्जदारासच ठाऊक नाही. असे यापूर्वी कधी घडलेले नाही. अर्जदार चहा तसाच टाकून घरी आला.

५. गावातला कोणाचाही तंटा समितीने मिटवावा असा नियम आहे. अर्जदाराचे पोट गावच्या हद्दीत येते. सबब, उभय पक्षांस बोलावून राखणदारांना समज द्यावी की यकृत हा घरचा माणूस आहे. यकृताची कोणाविरुद्ध तक्रार नाही. ते कुठे बसते हेही अर्जदारास आजवर माहीत नव्हते, इतके ते गरीब. एका रक्तावर वाढलेल्यांनी एकमेकांस ओळखू नये, हे आपल्या गावास शोभत नाही.

६. पैलवानांना शांत करणाऱ्या गोळ्या आहेत. ते निजले तर बाहेरचा चोर कोण अडवणार, या विचाराने अर्जदाराची झोप उडाली आहे. बाई म्हणतात, निजवायचे नाही, नुसते आवरायचे, आणि आम्ही लक्ष ठेवू. परंतु आधी बरगड्यांच्या फटीतून सुई घालून यकृताचा कण तपासायचा आहे. मागल्या खेपेस अर्जदार सुई बघून चप्पल तिथेच टाकून पळाला. सुई उसाच्या कांड्याएवढी होती. बाई म्हणतात, नव्हती. सुई टोचल्यावर दिवसभर हलायचे नाही, जवळ रक्ताचे माणूस पाहिजे आणि आधी त्याची सही पाहिजे. अर्जदाराचे रक्ताचे माणूस एकच शिल्लक असून ते या समितीचे अध्यक्ष आहे.

७. गव्याबाबत : गवा मागे लागला म्हणून आपण फणसावर चढलात आणि गवा खाली बसून रवंथ करत राहिला, असे अर्जदाराने गावभर केले हे नाकारण्यात येत नाही. गव्याची उंची अर्जदाराने वाढवली होती, ती कमी करण्यास तो तयार आहे. फणस तसाच राहील. मात्र माणूस झाडावर का चढतो, हे अर्जदारास आता समजले आहे.

८. बक्षिसासाठी पाहणी पथक येणार आहे. गावात एकही तंटा उरला नाही असे आपण लिहून देणार, असे ऐकतो. पथकाने अर्जदारास विचारले तर तो खरे बोलेल. ही धमकी समजू नये. त्याची प्रकृतीच तशी झाली आहे.

तरी येत्या गुरुवारी सकाळच्या पहिल्या एसटीने अर्जदारासोबत कोल्हापूरला यावे. खिडकी आपली.

बाळू, लई भ्या वाटतंया रं. सुईचं न्हाय, फुडचं. तू काय बोलू नगंस. नुसता दाराभाईर बस की.

भिंतीपलीकडचा, आपला नम्र,
पिराजी केरबा चौगले
दि. ११/०२/२००८

सोबत :
१) रक्ततपासणीची झेरॉक्स.
२) रुग्णालयाचा सहीचा कागद. सही जिथे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली आहे. शेजारी 'रुग्णाशी नाते' असे छापले आहे. ती जागा अर्जदाराने भरलेली नाही. ती आपण भरावी.