अकरा खिडक्यांच्या मापांबद्दल खरे काय ते

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंद्याने सुतार, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकिलांनी सांगितले. हा कागद मी राजीखुशीने लिहीत आहे. "एकदाचं लिहून टाका" असे पत्नी चार वर्षे म्हणत होती, ते दडपणात धरू नये. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर. उतरत्या छपराचे हे घर मी लग्नाच्या वर्षी स्वतः बांधले. ते माझ्यामागे पत्नीचे. ती असेपर्यंत ते कोणी विकू नये, गहाण टाकू नये आणि "आई, तू आता आमच्याकडेच चल" असा लकडाही तिच्यामागे लावू नये. तिच्यानंतर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे.

कलम २. बँकेत जे आहे ते पत्नीचे. किती आहे ते तिलाच माहीत आहे.

कलम ३. हत्यारे. रंधे, पटाश्या, करवती आणि कामाचे टेबल मुलीला. ती शाळेत गणित शिकवते, पण तिच्या घरात खिळा तीच मारते. जावई माणूस म्हणून उत्तम आहे. त्याने हातोडा उचलला की मी खोलीबाहेर जातो. त्याला माझी आरामखुर्ची द्यावी.

कलम ४. नाक्यावरच्या रंगाऱ्याला माझी रंग खरवडायची पट्टी द्यावी. त्याने आमच्या घराच्या पुढच्या तीन खिडक्या बंद ठेवूनच रंगवल्या आणि त्या चौकटीला कायमच्या चिकटल्या. वर म्हणाला, "मिस्त्री, आता चोराचं भय नाही." पट्टी देताना कोणी काही बोलू नये. त्याला समजेल.

कलम ५. खिडक्या. घराला अकरा खिडक्या आहेत, प्रत्येकीला सहा काचा. सगळ्या मी हाताने केल्या. आता त्या बदलाव्यात. हे वाक्य माझ्याच हातचे आहे, कोणी घुसडलेले नाही.

जन्मभर मी नव्या खिडक्यांना नावे ठेवली. पण माझ्या खिडक्यांतून वारा आत येतो आणि पत्नी हिवाळाभर स्वयंपाकघरात शाल गुंडाळून बसते. फटींत जुन्या साडीच्या चिंध्या कोंबते. तिची बोटे आता वळत नाहीत, कडी उघडायला तिला मला हाक मारावी लागते. मी गेल्यावर ती कोणाला हाक मारणार?

तेव्हा निवड अशी करावी. काच दुहेरी असावी. घराचा चेहरा तोच राहावा, म्हणजे प्रत्येक खिडकीला सहा काचांचे भाग दिसलेच पाहिजेत, आणि मधले दांडे खरे असावेत. एका मोठ्या काचेवर पट्ट्या चिकटवून देतात, ते म्हणजे टकलावर केस रंगवण्यासारखे आहे. प्लास्टिकची चौकट जाड असते, ती उजेड खाते; लाकडाची घ्यावी, नाहीतर बारीक घडणीची अॅल्युमिनियमची, मंद रंगाची. चकचकीत पांढरी आणू नये. मूठ खाली असावी आणि तळहाताने दाबली तरी फिरावी. दुकानात पत्नीला नेऊन तिच्या हाताने फिरवून बघावी. स्वयंपाकघरातली बाहेरच उघडणारी हवी, आत उघडली तर नळावर आपटेल. खिडकी बसवताना खालची पाणी निचरायची भोके बुजवू नयेत.

हे काम माझ्या मुलाने करावे, दुसऱ्या कोणी नाही. त्याचा खिडक्यांचाच धंदा आहे. सहा वर्षे तो या घरात आलेला नाही, त्याचे कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ६. हे कलम मी तीनदा लिहून फाडले.

सहा वर्षांपूर्वी माझे डोळ्याचे ऑपरेशन झाले. मी दवाखान्यात असताना मुलाने आईसाठी अकरा नव्या खिडक्या बनवायला टाकल्या. मी घरी आलो तेव्हा त्या अंगणात उभ्या होत्या आणि माझ्याच हाताखाली तयार झालेले चार कारागीर जुन्या काढत होते. नव्यांपैकी चारच बसल्या. बाकीच्यांत कुठे हात जाईल एवढी फट राहिली, कुठे खिडकी भोकात शिरेना.

मुलगा माझ्याकडे बघत म्हणाला, "बाबा, भिंत..."

मी त्याला बोलू दिले नाही. सगळ्यांसमोर ओरडलो, "नाचता येईना अंगण वाकडं! सुताराच्या पोटी जन्माला आलास आणि माप घेता येत नाही?" कारागीर हसले. सगळ्या नव्या खिडक्या मी परत पाठवल्या आणि जुन्या पुन्हा ठोकल्या. एकदा उखडलेली चौकट पहिल्यासारखी घट्ट बसत नाही, म्हणून वारा वाढला तोही तेव्हापासूनच.

आता खरे काय ते. अंगण वाकडेच होते.

घर बांधताना लग्न तीन महिन्यांवर आले होते आणि माझी नजर पक्की आहे असा मला माज होता. खिडक्यांची भोके मी ओळंबा न लावता, डोळ्यांनी ठरवून सोडली. कोणते वर रुंद, कोणते खाली, कोणते चक्क कललेले. भिंत पाडायला वेळ नव्हता. मी प्रत्येक भोकाच्या मापाची वेगळी चौकट केली, फटींत लाकडाचे तुकडे ठोकले आणि वरून रुंद पट्ट्या अशा मारल्या की बाहेरून अकराही खिडक्या हुबेहूब एक दिसाव्यात. लोक थांबून बघत. याच खिडक्यांवरून मला 'गुण्या मिस्त्री' म्हणू लागले, कारण कोपरा तपासायचा गुण्या लावून बघितला तरी माझा काटकोन चुकायचा नाही. मी ऐकून घेत राहिलो.

माप घेण्याआधी पट्टी उचकटून आत बघायचे असते, हे मुलाला येत नव्हते असे नाही. इतर प्रत्येक घरात तो बघतो. इथे त्याने पट्टीवरूनच माप घेतले, कारण घर त्याच्या बापाने बांधलेले होते. त्याची चूक एवढीच.

हे कलम वकिलांनी त्या चार कारागिरांना बोलावून त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावे. मला त्याची लाज वाटते आणि ती वाटायलाच हवी.

कलम ७. हे नंतर जोडले आहे.

वरचा मजकूर शुद्धलेखन तपासायला पत्नीकडे दिला. तिने सहाव्या कलमापर्यंत वाचले, चष्मा काढला आणि म्हणाली, "अहो, मेल्यावर खरं बोलायला काय लागतं? आणि मला वारा आत्ता लागतोय." मग स्वतः मुलाचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

मुलगा रविवारी आला. मी त्याला कागद वाचायला देत होतो. त्याने घेतला नाही. म्हणाला, "तुम्हीच सांगा." मी सांगितले.

तो म्हणाला, "मला माहीत आहे, बाबा. त्याच दिवशी कळलं होतं. पहिली पट्टी निघाली तेव्हाच आतले तुकडे दिसले. कारागिरांना तो नेहमीचा भराव वाटला."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोलणार होतो. तुम्ही ओरडलात, आणि मागे तुमची चार माणसं उभी होती. त्यांच्यासमोर कसं बोलायचं?"

"आणि सहा वर्षं आला नाहीस?"

"फोनची वाट बघत होतो," तो म्हणाला.

मला रडू आले. पत्नी म्हणाली, "आता दोघं मिळून रडत बसू नका, उजेड आहे तोवर मापं घ्या." तेव्हा तो पट्ट्या उचकटत गेला, मी आकडे वाचत गेलो आणि तो लिहीत गेला. अकरा खिडक्यांची अकरा वेगळी मापे निघाली.

सबब कलम ५ मधील काम माझ्यामागे करायचे नसून पुढच्या महिन्यात सुरू होत आहे, स्वयंपाकघरापासून. कलम ६ मधले वाचन वकिलांनी करू नये. त्या चौघांना मी खिडक्या बसवायला बोलावले आहे. जुन्या चौकटी निघतील तेव्हा मी अंगणात उभा राहीन आणि त्यांना तोंडानेच सांगेन. मुलगा म्हणाला, "राहू दे, बाबा, कशाला?" या एका बाबतीत त्याचे ऐकू नये.

बाकी कलमे कायम आहेत. रंगाऱ्याचेसुद्धा.

लिहून ठेवणाराची सही: केली आहे. सही माझीच आहे.

साक्षीदार पहिली: आमच्या डॉक्टरीणबाई. डोके ठिकाणावर असल्याचे त्यांनी तपासले आहे.

साक्षीदार दुसरा: शेजारचा शिंपी. लिहून ठेवणाराला त्याने आपल्यासमोर सही करताना पाहिले.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर.

दिनांक: सतरा नोव्हेंबर, दुपारी.