हौदातला समुद्र

२ एप्रिल, नांदेड

आज रुजू झाले. मायनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी इतकी बांधून दिली होती की अख्खी प्रयोगशाळा जेवली.

समुद्राच्या लाटांपासून वीज, हा माझा विषय. मुलाखतीत एका साहेबांनी हसत विचारलं होतं, की भोकरच्या पोरीनं समुद्र तरी पाहिलाय का. नाही पाहिला, म्हटलं. चंद्रावर यान पाठवणारे तरी कुठं तिथं राहून आले होते? दुसरे साहेब मोठ्यानं हसले आणि मला घेतलं.

हौद बघून जीव हरखला. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेच्या भिंती, आत छातीइतकं नळाचं पाणी. मोटर लावली की लोखंडी फळी पाणी ढकलते, लाटा उठतात, मधला पिवळा डबा वरखाली होतो. त्या हालण्यातून वीज तयार होते आणि भिंतीवरचा दिवा लागतो. तेवढ्याच लाटेतून जास्त वीज निघेल असा डबा मला बनवायचाय.

मार्गदर्शक उमाशंकर सर शांत माणूस. दिवसभर काचेच्या केबिनमध्येच असतात. मदतनीस व्यंकटीमामांकडून कळलं, की माझ्या आधी पुनम नावाची मुलगी होती. तब्येत बिघडली म्हणून इस्लापूरला घरी गेली.

९ एप्रिल

डब्याच्या पोटाला नवा उतार दिला. दुपारी चाचणी चालू असताना लाइट गेली. फळी थांबली. पाणी मात्र थांबलं नाही.

आधी वाटलं, उरलेला हेलकावा असेल. पण लाटा मोठ्या होत गेल्या आणि दिवा पहिल्यापेक्षा लख्ख लागला. मी हौदाच्या दुसऱ्या टोकाला गेले. लाटा वळल्या आणि माझ्यामागं आल्या.

धावत जाऊन सरांना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. तू तिथंच थांब, आकडे येऊ दे, एवढंच म्हणाले.

१४ एप्रिल, भोकर

जयंतीला घरी आले. मिरवणुकीत भरपूर नाचले. तहान मात्र काही केल्या भागत नाही. रांजण मीच रिकामा केला म्हणून माय हसली. मग माझा निळा कुर्ता धुवायला काढला आणि तिचं हसणं गेलं. पाठीवर मिठाचा थर होता, नखानं खरवडून निघण्याइतका. कुठं काम करून राहिलीस गं, म्हणाली. मी घामावर ढकललं.

१७ एप्रिल

हौदाचं पाणी बोटावर घेऊन चाखलं. खारट. कडू लागण्याइतकं खारट.

मामांना विचारलं. त्यांनी आधी शेडचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "फळी बंद असताना मी जवळ जात न्हाई, ताई. पुनमताईला बी लई सांगितलं व्हतं."

१९ एप्रिल

इस्लापूरला जाऊन आले. पुनम माझ्याच वयाची. अंगणात खाटेवर बसली होती. ओठ फुटलेले, हाताची कातडी सुकलेल्या पानासारखी. उशाशी घागर. बोलताना रडू आलं तिला, पण डोळ्यांतून पाणी आलं नाही.

ती म्हणाली, "लाट आपल्या अंगातल्या पाण्यातून काढून राहिलाय तो हौद. मी चक्कर येऊन पडले तवा सर केबिनमधून म्हणत होते, अजून थोडं थांब."

नोकरी सोड, म्हणाली. मी सांगितलं, सोडते. पण मी गेले की तिसरी येईल. आधी हौद रिकामा करते.

२१ एप्रिल

पुनम म्हणते ते खरं का, सरांना तोंडावर विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. पुढच्या आठवड्यात पाहणीला समिती येतेय, शोधनिबंधावर तुझं नाव पहिलं घालतो, म्हणाले. मी म्हटलं, मग उद्या तुम्ही काठावर उभे राहा, आकडे मी घेते.

ते खुर्चीतून उठले नाहीत.

पुनमच्या हालांतून निघालेल्या आकड्यांवर माझं नाव लागू देणार नाही. आणि पळूनही जाणार नाही.

२२ एप्रिल, भरदुपार

मामांना बाहेर काढलं. दार आतून लावलं. तळाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय. पाणी जातंय. हौदात उतरायच्या शिडीवर बसलेय. लिहीत राहिलं की धीर टिकतो.

सर दार वाजवतायत. वाजवू देत.

जीभ टाळूला चिकटली —

पाणी गुडघ्याइतकं. लाटा तरी शिडीपर्यंत — माझं नाव घेतल्यासारखा आवाज. घेऊ दे. महामाया म्हणतात मला. भोकरची.

संपलं. तळ दिसतोय. नुसतं मीठ.

डबा खाली आला नाही.

कोरड्या हौदात, हवेत — वर, खाली. वर, खाली. दिवा लागलेलाच.

श्वास घेतला की वर. सोडला की खाली.

श्वास रोखून धरला. डबा थांबला. दिवा विझला.

म्हणजे माझ्याच —

बरं. श्वास माझा आहे. त्याला देणार नाही. मोठा पाना हातात घेतलाय. आता उतरते. एक श्वास घ्यायचा, रोखायचा, आणि तो सुटायच्या आत डब्याचे बोल्ट खोलायचे —