रोंडाच्या दुकानातल्या आठ माद्या

प्रिय ग्रेम,

हे पत्र रोंडाच्या हातून मिळतंय, म्हणजे मी तिच्या दुकानात जाऊन आले हे तुला कळलंच असेल. स्टीव्ह गेल्यावर, नवऱ्याविना नकोसं झालेलं ते मोठं घर मी विकलं आणि रॉकहॅम्प्टनमध्ये नदीपलीकडे दोन खोल्या घेतल्या. तू येप्पूनला, माझ्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर राहतोस, हे परवापरवापर्यंत मला ठाऊक नव्हतं. दहा वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही. तू टाउन्सव्हिलच्या बाजूला कुठेतरी असशील असं मी धरून चालले होते.

डॅडची म्हातारी अजून जिवंत आहे. धुण्याच्या खोलीत, साबणाच्या खोक्यांमागे ठेवलेली ती केसाळ टॅरँटुला. तुझे सगळे कोळी वन्यजीव खात्याचे लोक घेऊन गेले तेव्हा ही एकटीच त्यांच्या नजरेतून सुटली आणि डॅड गेल्यावर माझ्याकडे आली. मला कोळ्यांचं प्रेम कधीच नव्हतं, पण हिला टाकवलं नाही. घर बदलताना तिच्या डब्याला तडा गेला. त्यातच तिच्यासाठी झुरळं देणारा माणूस धंदा गुंडाळून डार्विनला गेला. म्हणून मी इथली पाळीव प्राण्यांची दुकानं पालथी घालायला निघाले.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. दुकानदार गोड बोलला की मी आधी पिशवी तपासते. मॉलमधल्या दुकानात एक मादी काचेच्या पेटीत लख्ख दिव्याखाली बसवली होती. लपायला जागा नाही, खाली रंगीत खडे आणि पाण्याच्या वाटीत स्पंज. पोट सुकून मनुकेसारखं झालेलं. तिथली मुलगी म्हणाली, "शांत स्वभावाची आहे, दोन आठवडे हललीसुद्धा नाही." दुसऱ्या दुकानात रातकिड्यांच्या डब्यातले निम्मे मेलेले होते आणि वासाने डोकं उठलं. मालकाला दाखवलं तर तो म्हणतो, "कोळ्याला काय कळतंय ताजं-शिळं?" मी दोन्हीकडून हात हलवत परतले.

मग कुणीतरी रोंडाचं दुकान सांगितलं. लाँड्रीशेजारचं, बाहेरून काही दम नसलेलं. आत गेले आणि उभीच राहिले. भिंतीलगत अंधाऱ्या फळीवर आठ माद्यांचे आठ डबे. प्रत्येकात वीतभर खोल, दाबून बसवलेली माती, बाजूंना हवेची भोकं, सालीचा एक तुकडा, आणि पाण्याची वाटी अशी स्वच्छ की माझ्या कपबशा लाजतील. झुरळांना गाजर घातलेलं. लांब चिमटे, रिकामे डबे, सगळं जागच्या जागी. माझ्यापुढे एक माणूस होता, त्याला मित्रांना घाबरवायला कोळी हवा होता. रोंडा त्याला म्हणाली, "मग रबरी घे राजा, पलीकडच्या खेळण्यांच्या दुकानात मिळेल." आणि त्याला हाकललंच.

दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. मला संशय आला. आठही माद्या पूर्ण वाढलेल्या होत्या. घरात पैदास करणारा माणूस नखाएवढी पिल्लं विकतो. इतक्या मोठ्या माद्या एकदम आणणारा माणूस बहुतेक कुदळ घेऊन रानात गेलेला असतो. हे तूच मला शिकवलंस. त्यात ती माती. काळपट, आत गारगोटीचे पांढरे कण. डॅडच्या कुरणामागच्या ओढ्याच्या काठची माती मी कुठेही ओळखेन. आपण तिथे पालथे पडून बिळात गवताची काडी घालायचो आणि आतून फुसफुस ऐकू आली की तू माझं तोंड दाबायचास, मी ओरडू नये म्हणून.

मी रोंडाला विचारलं, हे कोण आणतं. ती म्हणाली, "एक माणूस आणतो." नाव विचारलं. "बाई, तुम्हाला डबा हवाय की चौकशी आयोग बसवायचाय?" तेवढ्यात एका डब्यावरची चिठ्ठी दिसली: 'तिने दार लावलं असेल तर टकटक करू नका, ती कात टाकतेय.' हे वाक्य जगात एकच माणूस बोलतो. मी झुरळं आणि डबा घेऊन रागारागाने बाहेर आले. वाटलं, एवढं सगळं होऊनही हा सुधारला नाही. ओढ्याचा काठ पुन्हा उकरतोय.

रोंडा फोनवर कुणाला तरी सांगत होती की माल गुरुवारी येतो. गुरुवारी मी समोरच्या बेकरीपाशी गाडी लावून बसले. तू आलास. दाढी पांढरी झालीय तुझी. डाव्या पायावर भार देत नाहीस. डबे उतरवायच्या आधी तू पायपुसण्यावर बूट पुसलेस, दोनदा. मी तुला हाक मारणार नव्हते, मला फक्त खात्री करायची होती. तू गेल्यावर मी आत गेले आणि रोंडाला सरळ सांगितलं, मी त्याची बहीण. "त्याला बहीण आहे हे तो कधी बोलला नाही," ती म्हणाली.

मग मी माती विचारली, मोठ्या माद्या विचारल्या. तिने काउंटरखालून एक जाड फाइल काढली. प्रत्येक मादीची वेगळी पानं, प्रत्येक वेळी टाकलेल्या कातीचा तुकडा चिकटवलेला, खाली तुझ्या अक्षरात तारीख. पहिल्या काती तांदळाच्या दाण्याएवढ्या, नऊ वर्षांपूर्वीच्या. रोंडाच्याच पाळलेल्या मादीची ही पिल्लं, तुझ्या भाड्याच्या खोलीच्या स्वयंपाकघरात वाढलेली. माती तू बागकामाच्या दुकानातून आणतोस आणि गारगोटी कुटून घालतोस. ती म्हणाली, "कुठल्यातरी ओढ्याची हुबेहूब माती बनवायला याने वर्ष घातलं. मी म्हटलं वेडा आहेस." ती हेही म्हणाली की शाळांमध्ये कोळी दाखवायचं काम तुला मिळू घातलंय, परवान्याचे कागद वन्यजीव खात्यात आहेत, आणि दारात पांढरी सरकारी गाडी थांबली की तू अजून मागच्या खोलीत जातोस. "शेजाऱ्याने चुगली केली होती ना त्याची," ती म्हणाली. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

शेजारच्या ट्रेव्हर हेगने चुगली केली नव्हती, ग्रेम. डॅड आणि ट्रेव्हर चाळीस वर्षं कुंपण मिळून दुरुस्त करत आले. त्या प्रकरणानंतर डॅडनी त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि तो गेला तेव्हा आपल्या घरातून कुणी त्याच्या मातीला गेलं नाही. मी हे सगळं बघत होते, त्यांच्या चहात साखर घालत होते, आणि गप्प होते. तेव्हा खात्याला फोन मी केला होता. ओढ्याकाठची तू उकरलेली रिकामी बिळं मी पाहिली होती, आणि तू तेव्हा चुकलाच होतास. पण त्याच आठवड्यात डॅड म्हणाले होते की कुरण ग्रेमला देणार, आणि माझ्याबद्दल म्हणाले, लिनला नवरा आहे. मी फोन उचलला तो बिळांसाठी उचलला असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. आता सांगवत नाही.

आणि हे पत्र आजच लिहायचं कारण वेगळं आहे. ती चिठ्ठी वाचल्यानंतरच्या सोमवारी, तुला बघण्याआधी, फाइल उघडण्याआधी, मी खात्याला पुन्हा फोन केला. तुझं नाव दिलं. काल तक्रार मागे घ्यायला गेले तर तिथली बाई म्हणाली, एकदा नोंदली की पाहणी होतेच. बुधवारी दहा वाजता दोन अधिकारी तुझ्या येप्पूनच्या घरी येतील. तुला न कळवता येतात, पण मी कळवतेय. रोंडाची फाइल, तिच्या मादीची पावती, मातीची बिलं जवळ ठेव. मागच्या खोलीत जाऊ नकोस, या वेळी तुझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. मी साडेनऊला तुझ्या फाटकाबाहेर उभी असेन. आत घेऊ नकोस, माझ्याकडे बघूही नकोस हवं तर. अधिकारी आले की मी त्यांना माझ्या तोंडाने सांगेन की तक्रार माझी होती आणि खोटी निघाली. त्यानंतर तू काय म्हणशील ते ऐकायला थांबेन.

अजूनही तुझीच धाकटी,
लिनेट