चहा घेऊनच ये

पप्पा, तुमचा तो लोखंडी पकडीचा शिकंजा मोडला. मीच मोडला. तुमच्या गॅरेजमधली तेवढी एकच वस्तू माझ्या वाट्याला आली होती. बाकीचं सगळं तुमच्या चिरंजीवांनी, म्हणजे दादाने, तुम्ही गेल्यावरचं पुण्यानुमोदन होतंय न होतंय तोच, भंगारवाल्याच्या काट्यावर चढवलं. हा तेवढा दादाच्या नजरेतून सुटला आणि मी ओढणीखाली झाकून बदलापूरला आणला, चोरी केल्यासारखा. इतकी वर्षं वेडीसारखी त्याला तेल लावून कपाटात जपत होते. वाटायचं, चला, पप्पांचं खरं हत्यार तरी आपल्याकडे आहे. खरं हत्यार म्हणे!

झालं असं की माझ्या गाडीच्या मागच्या ब्रेकचे पॅड झिजले. नवीन जाड पॅड बसवायचे तर पॅड आवळणाऱ्या कॅलिपरचा बाहेर आलेला पिस्टन आधी आत घालावा लागतो, हे तुम्हाला काय सांगायचं. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक सोडला, मागचं डावं चाक काढलं आणि पिस्टनवर तुमचा शिकंजा आवळायला बसले. तसूभर हलेना. मग हँडलला पाईपचा तुकडा घातला आणि दिला जोर. फाटकन आवाज झाला, शिकंज्याचा जबडाच तुटला आणि माझ्या अंगठ्याचं नख उलटलं. नशीब, पिस्टन वाचला. मी पुठ्ठ्यावर बसून अंगठा तोंडात धरून रडले, पप्पा. तो दुखत होता म्हणून नाही, तुमची शेवटची वस्तू गेली म्हणून.

मोठा शिकंजा घ्यायला म्हणून काल आपल्या जुन्या वस्तीत, कॅम्प नंबर चारला गेले. आपल्या गॅरेजच्या मागच्या गल्लीतलं ते सिंधी काकांचं टूल्सचं दुकान अजून आहे, काकाही आहेत, कान तेवढे गेलेत. मी ओरडून ओरडून काम सांगितलं तर ते हसायला लागले. "अरे बेटा, हँडब्रेकवाला पिस्टन है ना? दबानेका नहीं उसको. घुमानेका! फिरवत फिरवत आत घालायचा, स्क्रूसारखा." आणि वर बघितलंही नाही, हात मागे करून खिळ्यावरून एक वस्तू काढून समोर ठेवली. मुठीएवढी. तोंडाला दोन खुंट्या, पिस्टनच्या खाचांत बसणाऱ्या, आणि मागे फिरवायला दांडा. "तेरे पप्पा भी तो यहींसे ले गये थे. खिशात घालून फिरायचा, कुणाला दाखवायचा नाही. आम्ही हसायचो त्याला."

पप्पा, ती वस्तू तिथे खिळ्याला लटकत होती. धूळ खात. कुणीही यावं आणि घेऊन जावं!

आणि मला सगळं एकदम कळलं. आयटीआय करून मी तुमच्या हाताखाली दोन वर्षं राबले. दादाला ग्रीसचा वास सहन होत नव्हता, तो अंबरनाथच्या केमिकल कंपनीत शिफ्टला जात होता, मग नाइलाजाने मी चालले तुम्हाला. क्लच उतरवला मी, इंजिनऑईल बदललं मी, गिऱ्हाइकांचे टोमणे ऐकले मी. पण मागच्या चाकांना डिस्क ब्रेक असलेली गाडी आली, चाक निघालं, कॅलिपर खोलला, की तुमचं ठरलेलं. "जा, चहा घेऊन ये. सांगून येऊ नकोस, घेऊनच ये." टपरीवर उकळी येईपर्यंत मी उभी. परत यावं तर पिस्टन आत, तुम्ही हात पुसताय आणि बाजूला तो शिकंजा सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला. "कसा गेला?" विचारलं की म्हणायचात, "दाबला की जातो." खिशात काय होतं ते मला कधी दिसलं नाही. म्हणजे तो शिकंजा नुसता दाखवायला होता, आणि मी त्यालाच तेल लावत बसले!

एकदा मी गेले नाही. म्हटलं, चहा नंतर, आज मला बघायचंय. हातातला पाना खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "तू उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार. हा हुन्नर घेऊन जाशील आणि तुझा नवरा समोरच गॅरेज टाकेल. हे दादासाठी आहे." आणि त्याच महिन्यात चौदा एप्रिलच्या जयंतीच्या स्टेजवर माईक धरून, मुलींना शिकवा, काही हातचं राखू नका, म्हणून भाषण ठोकलंत. वा रे वा! मी खाली बसून टाळ्या वाजवल्या. दादा शेवटपर्यंत गॅरेजात आला नाही. तुम्ही गेलात आणि तुमचा हुन्नर भंगारात गेला, किलोवर. बरं झालं. मेलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणतात, पण बरंच झालं.

आज सकाळी पुन्हा गाडी जॅकवर चढवली. माझी मुलगी कॉलेजात आहे, सुट्टी म्हणून खाली आली आणि शेजारी उकिडवी बसली. "मम्मी, मी करू?" मी खुंट्या खाचांत बसवत होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "जा आधी, चहा घेऊन ये." ती गेली. मी दांडा फिरवला. इतका गुमान आत गेला तो पिस्टन की संताप आला. ती कप घेऊन आली, वाकून बघितलं, म्हणाली, "कसा गेला गं?" मी म्हटलं, "दाबला की जातो."

तुमचाच आवाज, पप्पा. तोच सूर. 

चहा तसाच ठेवला. उजवं चाक काढलं, हत्यार तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, खोटं बोलले मी, फिरवत दाबायचा असतो, खाच बघून धर. आणि मी वर निघून गेले, कारण तिथे उभी राहिले असते तर पुन्हा हिसकावून घेतलं असतं. गॅलरीतून बघितलं. तिला जमलं. खालून ओरडली, "मम्मी, गेला!"

हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून एक खरं लिहून ठेवते. तिला शिकवलं ते मायेपोटी नाही. तुमची जिरवायला शिकवलं.