बापूजींना परत बोलावण्याबाबत

मु. अल्लीपूर
ता. १० जानेवारी १९८०

आदरणीय नानाजी यांसी,

धाकट्या जावयाचा, म्हणजे रूपरावचा, दोन्ही हात जोडून रामराम. आपण, वहिनी आणि लेकरे सुखरूप असाल, आपला गुडघा आता जिना चढू देत असेल आणि समुद्रपूरच्या शाळेत पोरं आपल्याला पूर्वीइतकीच भीत असतील, अशी आशा करतो. इकडे आपली बहीण सुमित्रा ठणठणीत आहे. बैलजोडी ठणठणीत आहे. म्हशीचे एक शिंग दुखते, पण त्याचा राग ती दुधावर काढत नाही. मी कसा आहे ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे. (माझे मागचे पत्र आपण लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवले होते व खाली दहापैकी चार गुण दिले होते. म्हणून हे जमेल तितके शुद्ध लिहीत आहे. माणसे मात्र जशी बोलली तशीच लिहिली आहेत, त्यांचे गुण माझ्यातून कापू नयेत.)

बिडीचे प्रकरण आपल्याला ठाऊक आहेच. बिडी बावीस वर्षांपूर्वी मी सुरू केली, पण ती सोडवण्याचे प्रकरण आपण सुरू केले. झाले असे की यंदा कापसाच्या पहिल्या वेचणीचे गाठोडे डोक्यावर घेऊन वावरातून येताना मला दोनदा खाली बसावे लागले. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा सुमित्राने ते गाठोडे उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवले आणि घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. (सुमित्रा एक शब्द बोलत नाही तेव्हा माणसाने घाबरावे, हे आपण भाऊ म्हणून जाणताच.) दुसऱ्या दिवशी हिंगणघाटला डॉक्टरांनी नळी लावून ऐकले. म्हणाले, आत जिनिंगची मशीन चालू आहे, बिडी किंवा तुम्ही, दोघांपैकी एकालाच पुढची दिवाळी दिसेल. मी विचारले, आपला अंदाज कोणाच्या बाजूने आहे? डॉक्टर हसले नाहीत. सुमित्राही हसली नाही. मग मीही हसायचा थांबलो.

तिने आपल्याला लिहिले आणि आपण तातडीने दोन गोष्टी पाठवल्या. एक, अकरा पानांचा सल्ला. दुसरे, आपले सख्खे काका, माझे चुलत सासरे, बापूजी. सल्ला मी दोन दिवसांत वाचून संपवला. बापूजी अजून संपले नाहीत.

एक डिसेंबरला ते यष्टीतून उतरले. ट्रंक, छत्री, पितळी तांबा आणि वय वर्षे बहात्तर. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी आशीर्वाद देण्याऐवजी माझा उजवा हात धरून हुंगला. "बस यायच्या आंधी ओढली," ते म्हणाले, "आंब्याच्या झाडाखाली." बिडी हाताच्या वासावरून ओळखली हे समजले, पण आंबा कसा ओळखला म्हणून विचारले, तर म्हणाले, "पाठीले मुंग्या लागून हायेत." (लागल्या होत्या.)

त्यांचा उपचार साधा आहे. तलफ आली की सांगायचे, सांगितले की त्यांनी एक तांबा पाणी पाजायचे. पहिल्या दिवशी मी एकोणीस तांबे पाणी प्यालो. तलफ गेली नाही, पण बिडी ओढायला वेळ उरला नाही, कारण उरलेला सगळा दिवस नाल्याकडे जाण्यायेण्यात गेला. आणि त्या वाटेवरही बापूजी छत्री उघडून पाठमोरे उभे राहत आणि आपण स्वतः बिडी कशी सोडली ते मोठ्याने सांगत. (ही हकीकत मी आजवर एक्केचाळीस वेळा ऐकली. कधी त्यात पूर असतो, कधी दुष्काळ. साल दर वेळी वेगळे. बिडी मात्र प्रत्येक वेळी सुटते.) शिवाय तोंडात सतत काहीतरी हवे म्हणून त्यांनी भाजलेले चिंचोके चालू केले, त्यात माझी एक दाढ गेली. मी तिफणीच्या नळ्यात, गोठ्याच्या कुडात आणि देवाच्या फोटोमागे लपवलेली बंडले त्यांनी पहिल्या आठवड्यातच नाकाने शोधून काढली. देवाच्या फोटोमागचे सापडले तेव्हा ते मला काही बोलले नाहीत. देवाची माफी मागितली, माझ्या वतीने, माझ्यासमोर.

तरीही, आपल्याशी खोटे कशाला बोलू, पहिल्या बारा दिवसांत मी चार बिड्या ओढल्या. एक तर म्हशीच्या आडोशाने ओढली. (तिचे शिंग त्याच दिवसापासून दुखते. संबंध नसावा.)

तेराव्या दिवशी कापूस घेऊन हिंगणघाटला खरेदी केंद्रावर जायचे होते. आपल्याला माहीत आहे, तिथे कापूस भरलेल्या बैलबंड्यांची रांग कशी असते ते. दोनदोन, तीनतीन दिवस माणूस आपल्या कापसाखाली झोपतो. मला तो स्वर्ग वाटत होता. तीन दिवस बापूजींशिवाय! मी त्यांना समजावले, थंडी आहे, उघड्यावर राहायचे आहे, आपले वय झाले. त्यांनी मान डोलावली. सकाळी बैल जुंपायला गेलो तर बापूजी बंडीवर, कापसाच्या ढिगावर, कानाला मफलर बांधून, मांडीवर तांबा घेऊन बसले होते. "चला, जवाईबुवा," म्हणाले, "उशीर काऊन करून राह्यले?"

आमचा नंबर ब्याण्णवावा लागला. रांगेचा एकच नियम फार कडक आहे, कापसाच्या जवळ विस्तव आणायचा नाही. ज्याला बिडी ओढायची त्याने रस्ता ओलांडून हिरालालच्या पानठेल्याकडे जायचे. नियम सर्वांनी मिळून केलेला, आणि मोडणाऱ्याला चोप देण्याचे कामही सर्वांनी मिळूनच करायचे. रास्तच आहे. एक ठिणगी पडली तर ब्याण्णव घरांचे वर्ष जळून जाईल.

दुपारी चारच्या सुमारास मी बैलांना पाणी पाहून येतो म्हणून निघालो आणि हिरालालच्या ठेल्यामागे जाऊन बिडी पेटवली. दोन झुरके झाले असतील. इकडे काय घडत होते ते मला नंतर कळले. आमच्या पुढच्या बंडीवाला टिकाराम, आडदांड पण मनाने लोण्याचा गडी, त्याने बापूजींना सहज विचारले, बिडी ओढता का? झाले. बापूजी ढिगावर उभे राहिले. आधी स्वतःची हकीकत सांगितली (या वेळी पूर होता), मग माझी. की माझ्या जावयाने बावीस वर्षे बिडी ओढली, आणि बारा दिवस झाले, हात लावला नाही! लोक जमले. चाळीस-पन्नास माणूस. कोठी हाये तो माणूस, पाहू तर द्या! आणि बापूजींनी रस्त्यापार हाक मारली.

मी दचकून धूर गिळला. बिडी मुठीत चिरडली, विझली असे समजून सदऱ्याच्या खिशात टाकली आणि रस्ता ओलांडला. टिकारामने मला कडकडून मिठी मारली. "मानलं बापा तुले! मले त दोन घंटे नाई राहवत!" कोणी पाठ थोपटली, कोणी पाया पडायला आले. मी तोंड मिटून नमस्कार करत होतो, कारण तोंड उघडले तर धूर निघाला असता. तेवढ्यात छातीला डाव्या बाजूला ऊब जाणवू लागली. आधी मला वाटले, हा अभिमान असावा. मग अभिमानाचा वास यायला लागला.

सदऱ्याला सकाळपासून कापूस चिकटलेला. खिशातून धुराची बारीक रेघ निघाली. उजवीकडे टिकारामची बंडी, डावीकडे माझी, पुढे नव्वद. नानाजी, मी आयुष्यात एवढा घाबरलो नाही. मी लोकांना ढकलून पळत सुटलो आणि रस्त्याच्या कडेला जनावरांचा पाण्याचा हौद होता त्यात कपड्यांसकट बसलो, गळ्यापर्यंत. डिसेंबर महिना. चर्र असा आवाज झाला. शेजारी एक बैल पाणी पीत होता, त्याने मान वर करून माझ्याकडे जे पाहिले ते मी विसरणार नाही.

सगळे हौदाभोवती आले. "काय झालं बापा?" टिकारामने विचारले. "असा काऊन बसला?" दात वाजत होते. आणि माझ्या हनुवटीसमोर, अगदी निवांत, ती अर्धी जळलेली बिडी तरंगत वर आली.

गर्दीतून बापूजी पुढे आले. त्यांनी पाण्यात पाहिले. माझ्याकडे पाहिले. मग तांबा बुडवला, बिडीसकट पाणी भरून घेतले, तांब्यावर हात ठेवला आणि वळून मोठ्याने म्हणाले, "तलफ आली त्याले! तलफ आली का हा असाच थंड्या पान्यात जाऊन बसते. म्हनून त सुटली त्याची. हाये तुमच्यात दम?"

मग टिकारामने पागोटे काढले आणि धप्पकन माझ्या शेजारी येऊन बसला.

संध्याकाळपर्यंत हौदात सात जण बसून गेले. दुसऱ्या दिवशी तर हौदासाठी वेगळी रांग लागली आणि ती कापसाच्या रांगेपेक्षा भरभर सरकत होती. बैलांनी ते पाणी प्यायचे सोडले. दुपारी हिरालाल माझ्याकडे हात जोडून आला. काल दुपारपासून एक बंडल गेले नाही, दादा, सर्वांच्या समोर फक्त एक ओढा, पुढचा सगळा हंगाम तुम्हाला फुकट. बावीस वर्षांत मला कोणी फुकट बिडी देऊ केली आणि मी नाही म्हटले, असे पहिल्यांदाच घडले. म्हटले, कारण चाळीस माणसे ओल्या कपड्यांनी माझ्याकडे पाहत होती. (हिरालालची काळजी नको. बापूजींच्या सल्ल्याने तो तिसऱ्या दिवशी भाजलेले चिंचोके विकू लागला, आणि ते पुरेनात.)

परतताना रिकामी बंडी मोकळ्या रस्त्याला लागली तेव्हा मी विचारले, "बापूजी, तुम्हाला दिसली होती ना?"

"दिसली."

"मग खरे का नाही सांगितले?"

"खरं सांगतलं असतं त लोकायनं तुमाले हौदातून जित्तं निघू देलं नसतं. अन् घरी सुमित्रा मले इचारती, मानूस कोठी हाये? तिले काय, तांबा दाखवू?" ते बैलांकडे वळले. मग म्हणाले, "मी कधी खोटं बोलत नाई, जवाईबुवा. बोललो आता. ते खरं करनं तुमच्याकडं लागलं."

त्या रस्त्यावर पाच वेळा तलफ आली असेल. मी सांगितली नाही, पण पाचही वेळा तांबा आपोआप पुढे आला. हौदातल्या त्या दिवसापासून आज अठ्ठावीस दिवस झाले, मी बिडीला हात लावलेला नाही. परवा तुरीचा भारा घेऊन वावरातून घरापर्यंत न बसता आलो. सुमित्रा बोलू लागली आहे. (खूप बोलते.)

आता मुद्द्याचे. बापूजींची कीर्ती चहूकडे पसरली आहे. रोज सकाळी माझ्या अंगणात आठ-दहा बिडीवाले येऊन बसतात. त्यांना चहा लागतो. माझ्या हौदात ते बसतात, म्हैस तहानलेली राहते. नमुना म्हणून दाखवायला बापूजी मला दिवसातून चार वेळा वावरातून बोलावतात, आणि अनोळखी माणसे रांगेने माझा हात हुंगतात. मी बरा झालो आहे, नानाजी. तरी हात जोडून विनंती की संक्रांतीचे काहीतरी निमित्त काढून आपण बापूजींना समुद्रपूरला परत बोलावून घ्यावे, म्हणजे आम्हाला घर परत मिळेल.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. चूकभूल लाल शाईने भरून घ्यावी.

आपला,
रूपराव

ता. क. (१२ जानेवारी) : वरील विनंती रद्द समजावी. पत्र टाकायला दोन दिवस जमले नाही आणि काल सकाळी बापूजींनी आपण होऊन ट्रंक भरली. म्हणाले, काम झालं, आता दुसऱ्याच्या घरी किती दिवस राहावं? यष्टीत बसवून आलो. हे पत्र मिळेल तेव्हा ते आपल्या ओट्यावर बसलेले असतील. त्यांना दाखवू नये.

ता. क. दुसरा : आज अंगणात कोणी आले नाही. म्हैस पोटभर पाणी प्याली. सकाळी मी सवयीने त्यांची खाट उन्हात काढली, मग आत ठेवली, मग सुमित्राने पुन्हा बाहेर काढली. दुपारी तलफ आली तर मी मोठ्याने सांगितली. घरात कोणी नव्हते. पाणी स्वतःच घेऊन प्यालो, पण पूर की दुष्काळ ते काही कळले नाही. तरी एक नाजूक काम आहे. आपण बापूजींना सांगावे की रूपरावने पुन्हा बिडी धरली. (धरलेली नाही. सुमित्रा साक्षीला आहे. पण आपण सांगावे.) आपण मास्तर आहात, खोटे बोलणे जड जाईल, हे समजतो.

ता. क. तिसरा : सुमित्रा वाचून म्हणते, नुसती बिडी धरली लिहिले तर ते तिथूनच पत्राने ओरडतील. रोज दोन बंडले ओढतो असे सांगावे.